करारावाचून येणारी शांतता : चंद्रपूर आणि गडचिरोलीतील राजकीय-सामाजिक आव्हानांचा आढावा

वेगाने वाढणाऱ्या विकसनशील देशापुढील आव्हानांची चर्चा बहुधा राजधानीत बसून केली जाते आणि तीत विकासदर, गुंतवणूक व शेजारी राष्ट्रांशी असलेले संबंध यांना अग्रस्थान मिळते. या वाढीसाठी लागणारा कोळसा, लोहखनिज, वीज, पाणी आणि लाकूड ज्या प्रदेशांतून येते, ते प्रदेश या चर्चेत आलेच तर ‘मागास भाग’ म्हणून येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे दोन जिल्हे अशाच प्रदेशांपैकी आहेत. सुमारे २६ हजार चौरस किलोमीटरांच्या या भूभागावर २०११ च्या जनगणनेनुसार ३२ लाखांहून थोडे अधिक लोक राहत होते आणि त्यांपैकी गडचिरोलीचा वाटा अवघ्या पावणेअकरा लाखांचा होता. पूर्वेस छत्तीसगड आणि दक्षिणेस तेलंगण असे या प्रदेशाचे शेजार आहेत. गडचिरोलीत अनुसूचित जमातींचे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक असून जिल्ह्याच्या दोनतृतीयांशाहून अधिक भूमीवर जंगल आहे.

येथील माओवादी सशस्त्र संघर्ष साडेचार दशकांनंतर संपुष्टात येत असल्याचे चित्र आज दिसते. मात्र तो कोणत्याही वाटाघाटीतून किंवा करारातून संपत नसून चकमकी, शरणागती आणि संघटनेची झीज यांतून संपत आहे. करार झाला असता तर कोणी काय मान्य केले याचा एखादा दस्तऐवज मागे राहिला असता. तो नसल्यामुळे राज्यसंस्थेने या लोकांना दिलेला शब्द तिने आधीच केलेल्या कायद्यांतच शोधावा लागतो. आदिवासी क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा पंचायत विस्तार कायदा आणि वनजमीन व जंगलावरील हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा यांच्या अंमलबजावणीकडे म्हणूनच निव्वळ प्रशासकीय बाब म्हणून पाहता येत नाही, कारण येथील शांततेला त्यांखेरीज दुसरा लेखी आधार नाही. प्रस्तुत आढाव्यात सीमा, संघर्ष, खनिजे, नद्या आणि समाजांतर्गत ताण यांचा विचार याच दृष्टीने केला आहे.

सीमा कशा पडल्या

चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, गोंड राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रदेश इंग्रजी अमलाखाली आला. १८५८ मध्ये येथील गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी उठाव केला आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. पुढे जंगलाचा मोठा हिस्सा राखीव झाला आणि उरलेल्या भागावर मालगुजार व जमीनदार यांचा ताबा राहिला. या व्यवस्थेत गावकऱ्यांना सरपण, बांबू, चराई आणि घरबांधणीचे लाकूड यांसाठी जे रूढ अधिकार होते त्यांना निस्तार हक्क म्हणत. १९५१ च्या सुमारास मालगुजारी संपली, तेव्हा हे हक्क निस्तार पत्रकांत नोंदले गेले खरे. पण प्रत्यक्षात जंगल वनखात्याकडे गेले आणि हक्काची जागा हळूहळू सवलतीने घेतली.

राज्य पुनर्रचनेने या प्रदेशाची राजकीय जागाही बदलली. मध्य प्रदेशातील चांदा जिल्हा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा तालुका आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यांच्या सीमा ठरवताना मराठी, तेलुगू आणि हिंदी या भाषा प्रमाण मानल्या गेल्या; गोंडी बोलणारा समाज मात्र या तिन्ही भाषांच्या राज्यांत विभागला जाऊन सर्वत्र अल्पसंख्य ठरला. भामरागड आणि एटापल्लीतील माडिया गोंडांची सोयरीक राज्याच्या सीमेपलीकडच्या अबुझमाडात आहे. या समाजाची गणना ‘विशेष असुरक्षित आदिवासी गटा’त, म्हणजे अत्यल्प साक्षरता आणि बिकट उपजीविका यांमुळे शासनाने वेगळ्या नोंदलेल्या गटांत होते.

सीमा अपुरी ठरली की नागरिकत्वाचे काय होते, हे जिवती तालुक्यातील माणिकगड डोंगररांगांत दिसते. मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर यांसारख्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण अशा दोन्ही राज्यांचा दावा राहिला आहे. येथील अनेक कुटुंबांकडे दोन्हीकडची शिधापत्रिका व मतदार ओळखपत्रे असून गावांत दोन्ही राज्यांच्या शाळा व योजना पोहोचल्या आहेत. बाहेरून ही चैन वाटेल. परंतु येथील लोकांना ज्याची सर्वांत अधिक गरज आहे, तो जमिनीचा पट्टा मात्र या दुहेरी ओळखीतून मिळालेला नाही. यांतील बहुतेक कुटुंबे मराठवाड्यातून दुष्काळाच्या काळात आलेली बिगर-आदिवासी असून वनहक्क कायदा अशा ‘इतर पारंपरिक वननिवासीं’कडून तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतो. हा पुरावा त्यांच्यापाशी नसल्यामुळे त्यांची कसती जमीन कागदोपत्री जंगलच राहते.

सशस्त्र संघर्षाची साडेचार दशके

एप्रिल १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या नेतृत्वाखाली आंध्र प्रदेशात पीपल्स वॉर ग्रूप स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याच्या लहान लहान तुकड्या, म्हणजे दलम, नद्या ओलांडून सिरोंचा-अहेरी भागात आल्या. त्यांना येथे थारा मिळाला तो विचारसरणीमुळे नव्हे, तर तेंदूपत्त्याचा पुडा आणि बांबूची तोड यांना मिळणारा क्षुल्लक दर, ठेकेदारांची लूट आणि खालच्या पातळीवरील वन कर्मचाऱ्यांची पिळवणूक यांमुळे मिळाला. तेंदूपत्त्याची मजुरी वाढली, हे या चळवळीचे सुरुवातीचे ठळक यश होते. पुढे मात्र ठेकेदारांकडून घेतला जाणारा पैसा हाच संघटनेचा आर्थिक कणा बनला. ‘पोलिसांचा खबऱ्या’ ठरवून मारल्या गेलेल्यांत बहुसंख्य आदिवासीच होते, तर दुसरीकडे दलमला जेवण दिल्याच्या संशयावरून पोलिसांचा जाचही त्यांच्याच वाट्याला आला.

शासनाने १९९० मध्ये स्थानिक तरुणांतून सी-६० हे विशेष पथक उभारले. त्यामुळे लढणारे दोन्ही बाजूंचे हात अनेकदा एकाच समाजाचे, क्वचित एकाच गावाचे राहिले. २००४ मध्ये पीपल्स वॉर आणि माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर यांच्या विलीनीकरणातून भाकप (माओवादी) पक्ष स्थापन झाल्यानंतर संघर्ष तीव्र झाला. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथील तीन हल्ल्यांत ४८ पोलीस ठार झाले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. नंतर तोल पालटला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोला येथील चकमकीत वरिष्ठ नेते मिलिंद तेलतुंबडे यांच्यासह संघटनेचे दोन डझनांहून अधिक सदस्य मारले गेले. मे २०२५ मध्ये सरचिटणीस बसवराजू अबुझमाडात ठार झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पॉलिट ब्युरोचे सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली.

या काळात शेजारी राज्यांच्या धोरणांचा परिणाम नेहमीच सीमा ओलांडत राहिला. आंध्र प्रदेशातील कारवाईने दलम उत्तरेकडे ढकलले गेले. छत्तीसगडमध्ये २००५ मध्ये सुरू झालेल्या सलवा जुडूमने, म्हणजे शासनाच्या पाठिंब्याने नागरिकांनाच शस्त्रे देणाऱ्या मोहिमेने, बस्तरमधील गावे उठवली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तिला घटनाबाह्य ठरवले. महाराष्ट्राने नागरिकांच्या हाती अशी शस्त्रे दिली नाहीत, हा फरक महत्त्वाचा आहे आणि गडचिरोलीतील ग्रामसभांचे प्रयोग तगून राहण्यामागे त्याचाही वाटा मानावा लागतो.

खनिज, वीज आणि त्यांची किंमत

चंद्रपूर जिल्ह्याने औद्योगिक वाढीचा एक पूर्ण टप्पा अनुभवला आहे, म्हणून गडचिरोलीच्या भवितव्याचा विचार करताना त्याच्याकडे पाहणे आवश्यक ठरते. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि राजुरा-कोरपना पट्ट्यातील सिमेंट कारखाने यांनी रोजगार दिला, शहरे वाढवली आणि राज्याला वीज पुरवली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये हवा, पाणी आणि जमीन यांची एकत्रित स्थिती मोजणारा निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळून ते देशातील चौथे सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. वीज राज्यभर गेली. राख आणि धूळ मात्र जेथल्या तेथेच राहिली.

याच जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे. वाघांची संख्या वाढणे हे राष्ट्रीय यश असले, तरी अभयारण्याबाहेरच्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत त्याची किंमत सरपण, मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करणारे लोक चुकवतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. खाणी आणि रस्त्यांनी वाघांचे संचारमार्ग तुटत असताना पर्यटनाचे उत्पन्न एका गटाला आणि धोका दुसऱ्या गटाला मिळतो, त्यामुळे संवर्धनाविषयीचा रोष वाढतो.

गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे लाभ एकाचा आणि किंमत दुसऱ्याची हा प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा आहे. या डोंगरावर उच्च प्रतीचे लोहखनिज आहे आणि तेथेच परिसरातील माडिया गावांचे ठाकूरदेवाचे ठाणे आहे, जेथे दर जानेवारीत जत्रा भरते. लॉयड्स मेटल्स कंपनीला सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथे खनिज वाहतुकीची पाऊणशेहून अधिक वाहने जाळली आणि नियमित उत्खनन २०२१ नंतरच सुरू झाले. २०२३ मध्ये वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे पोलाद प्रकल्प उभा राहत असून जिल्ह्याचे वर्णन आता ‘पोलाद केंद्र’ असे केले जाते. २०२३ मध्येच एटापल्ली तालुक्यातील तोडगट्टा येथे नव्या खाणींना विरोध करणाऱ्या ग्रामसभांनी अनेक महिने ठिय्या आंदोलन केले.

या वादाला ‘विकास विरुद्ध विकासविरोध’ असे रूप देणे सोपे आहे, पण ते चुकीचे ठरेल. नोकऱ्या मिळालेल्या तरुणांना आणि रस्ता झालेल्या गावांना या बदलाचे मोल आहेच. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरी ते गर्देवाडा अशी एसटी बस प्रथमच धावली, याचा अर्थ रुग्णाला आणि विद्यार्थ्याला कळतो. खरा प्रश्न निर्णय कोण घेतो हा आहे आणि तेथे कायद्याची वीण सैल आहे. पंचायत विस्तार कायद्यात गौण खनिजांसाठी, म्हणजे मुरूम, वाळू, दगड यांसाठी, ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. लोहखनिज मुख्य खनिजांत मोडत असल्यामुळे तेथे ही तरतूद लागत नाही. वनजमीन वळवताना ग्रामसभेची संमती घ्यावी, असे केंद्राच्या २००९ च्या परिपत्रकाने ठरवले होते. मात्र २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी ही जबाबदारी राज्य सरकारवर सोपवून ती केंद्राच्या मंजुरीनंतर पार पाडण्याची मुभा दिली. मंजुरीनंतर मागितलेली संमती नाकारण्याला व्यवहारात फारसा अर्थ उरत नाही. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा निर्णय ग्रामसभांकडे सोपवला, तेव्हा बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला आणि तो नकार टिकला.

खाणीच्या उत्पन्नातून स्थानिकांना वाटा मिळावा म्हणून २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापण्याची तरतूद झाली. त्यापूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी स्वामित्वशुल्काच्या ३० टक्के आणि नंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांसाठी १० टक्के रक्कम या निधीत जमा होते. निधी मोठा असला, तरी त्याचा विनियोग जिल्हा पातळीवर ठरतो आणि खाणीलगतच्या ग्रामसभेला त्यात फारसा आवाज नसतो.

नद्या आणि शेजारी राज्ये

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. पुढे सोमनूरजवळ इंद्रावती गोदावरीत येते. या नद्या राज्यांच्या सीमा आहेत, म्हणून त्यांवरचे प्रत्येक धरण आंतरराज्य प्रश्न बनते. गोदावरी पाणीतंटा लवादाने १९८० मध्ये अंतिम निवाडा दिला आणि गोदावरीवरील इंचमपल्ली व इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या धरणांच्या योजनांना गती आली. त्यांत शेकडो चौरस किलोमीटर जंगल आणि आदिवासी गावे बुडणार होती. १९८० च्या दशकात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, बाबा आमटे त्यात सहभागी झाले आणि दोन्ही योजना मागे पडल्या. या आंदोलनातूनच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाच्या स्वशासनाच्या प्रयोगाला बळ मिळाले.

तेलंगण राज्य झाल्यावर हा प्रश्न नव्या रूपात परतला. प्राणहितेवर तुमडीहेटी येथे १५२ मीटर जलपातळीचा बंधारा बांधण्याची मूळ योजना होती. त्यात महाराष्ट्राची गावे व शेती बुडत असल्यामुळे आक्षेप आले. तेलंगणने मुख्य बंधारा खाली गोदावरीवर मेडीगड्डा येथे नेला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये दोन्ही राज्यांत करार होऊन मेडीगड्ड्याची जलपातळी १०० मीटर ठरली. जून २०१९ मध्ये कालेश्वरम प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्यानंतर सिरोंचा तालुक्यातील नदीकाठच्या शेतकऱ्यांना पूर, जमीन खरडणे आणि रखडलेले भूसंपादन यांना तोंड द्यावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचल्यावर तेलंगणच्या राजकारणात मोठे वादळ उठले, तरी अलीकडच्या काठावर झालेले नुकसान त्या चर्चेत गौण राहिले. २०१६ चा करार हैदराबाद आणि मुंबई यांच्यात झाला. ज्यांची शेते पाण्याखाली जाणार होती त्या सिरोंच्याच्या गावांना त्यात पक्षकार म्हणून स्थान नव्हते. उदयोन्मुख देश आणि त्याचे लहान शेजारी यांच्यातील नदीकरारांवर जो आक्षेप घेतला जातो, तोच देशांतर्गत करारांनाही लागू पडतो. २०२१ पासून छत्तीसगडमधून येणाऱ्या रानटी हत्तींच्या कळपाबाबतही हेच दिसते : कळप सीमा मानत नाही, नुकसानभरपाईची व्यवस्था मात्र राज्याच्या हद्दीत अडकलेली असते.

ग्रामसभा आणि वनहक्क

१९९६ चा पंचायत विस्तार कायदा, ज्याला सर्वजण ‘पेसा’ म्हणतात, संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासीबहुल क्षेत्रांत ग्रामसभेला स्वशासनाचे अधिकार देतो. २००६ चा वनहक्क कायदा कसत असलेल्या वनजमिनीवर वैयक्तिक आणि पारंपरिक वापराच्या जंगलावर सामूहिक हक्क मान्य करतो. सामूहिक वनहक्कात गौण वनोपजाची, म्हणजे बांबू, तेंदूपत्ता, मोहफुले, डिंक आदींची, मालकी आणि जंगलाच्या व्यवस्थापनाचा अधिकार येतो. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आधीच जगणाऱ्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मात्र वनखाते सोडेना. अखेरीस एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रयोगाशी कायमची जोडली गेली आहेत.

त्यानंतर गडचिरोलीत तेराशेहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि एकाच जिल्ह्यात इतक्या मोठ्या क्षेत्रावर असे हक्क मान्य झाल्याचे उदाहरण देशात विरळा आहे. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली आणि तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः केले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने उलट निर्णय घेतला : फांद्यांची छाटणी आणि आगी यांमुळे जंगलाची हानी होते म्हणून तेंदूपत्त्याचे उत्पन्नच सोडून बांबूवर भर दिला. दोन गावांनी आपापल्या जंगलाचा विचार करून दोन वेगळे निर्णय घेणे हेच स्वशासनाचे खरे लक्षण आहे. अडचणीही आहेत. हिशेब ठेवण्याचे कौशल्य अपुरे आहे, काही ठेकेदार पैसे थकवतात, आणि वनविकास महामंडळाची सागवान लागवड व गावाचे मिश्र जंगल यांचे हितसंबंध एकमेकांना छेदतात.

समाजांतर्गत ताण

या जिल्ह्यांतील समाज एकजिनसी नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत वसवली गेली. देशाच्या फाळणीचे परिणाम अशा रीतीने महाराष्ट्राच्या जंगलापर्यंत पोहोचले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली आणि या भागातील दलित समाजात शिक्षण व संघटन यांची मोठी परंपरा निर्माण झाली. गडचिरोलीत जिल्हा पातळीवरील नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांचे आरक्षण दीर्घकाळ सहा टक्क्यांवर होते. त्यात पेसा क्षेत्रातील काही पदे केवळ स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवली गेली, तेव्हा गरिबीत फारसा फरक नसलेल्या दोन समाजांत स्पर्धा आणि कटुता वाढली. रोजगाराची एकूण वाढ झाल्याखेरीज आरक्षणाची कोणतीही फेरवाटणी हा ताण मिटवू शकणार नाही.

भाषेचा प्रश्नही तितकाच मूलभूत आहे. गोंडी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि माडिया मुलाला पहिलीतच अनोळखी मराठीला सामोरे जावे लागते. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि वाद न्यायालयात गेला. दारूबंदीचा अनुभव धोरणांच्या सीमा दाखवतो. मोठ्या जनआंदोलनानंतर गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली आणि ती टिकली. चंद्रपुरात ती महिलांच्या लढ्यातून १ एप्रिल २०१५ रोजी आली, पण अवैध विक्रीचे कारण देऊन २०२१ मध्ये उठवण्यात आली. एकमेकांना लागून असलेल्या दोन जिल्ह्यांची धोरणे उलट असली की एकाच्या बंदीवर दुसऱ्याच्या दुकानांचा दाब राहतो.

या प्रदेशाने बाहेरच्या जगाला ज्ञानही दिले आहे. हेमलकसा येथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाने आरोग्यसेवा उभारली. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित महिलांकडून नवजात बालकांची घरीच देखभाल करण्याची पद्धत विकसित केली. तिच्यामुळे ३९ गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ही पद्धत पुढे आशा कार्यकर्तींमार्फत देशभर गेली आणि बांगलादेशातील सिल्हेट भागातही त्याच धर्तीचा प्रयोग झाला.

नेपाळशी तुलना आणि निष्कर्ष

शेजारच्या नेपाळमध्ये माओवाद्यांचे युद्ध १९९६ ते २००६ असे दहा वर्षे चालले आणि २१ नोव्हेंबर २००६ च्या सर्वंकष शांतता कराराने संपले. बंडखोर निवडणुकीत उतरले आणि २०१५ मध्ये नवे संविधान आले. करारामुळे सर्व काही साधले असे नाही. युद्धकाळातील अत्याचारांचा न्याय तेथे दीर्घकाळ रखडला. तरी दोन्ही बाजूंनी काय कबूल केले, हे नागरिकाला वाचून दाखवता येते. शिवाय १९९३ च्या वनकायद्यामुळे तेथे वीस हजारांहून अधिक सामुदायिक वन गट उभे राहिले, त्यांतील अनेक युद्धातही टिकले आणि शांततेनंतर गावपातळीवरील लोकशाहीची तयार चौकट म्हणून उपयोगी पडले.

गडचिरोलीत अशी चौकट ग्रामसभांच्या रूपाने आज अस्तित्वात आहे, पण तिला कराराचे पाठबळ नाही. शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांना पुनर्वसनाची रक्कम मिळते; ज्या गावांनी दोन्ही बाजूंचा जाच सोसला त्यांच्यासाठी तशी कोणतीही तरतूद करारात नाही, कारण करारच नाही. माओवाद्यांच्या उपस्थितीमुळे प्रकल्प आणि वाटाघाटी दोन्ही अडून राहिल्या होत्या; आता प्रकल्पांचा मार्ग मोकळा झाला आहे, वाटाघाटींचा मात्र अजून झालेला नाही. बंदूक गेल्यावर असंतोष उरला तर तो पूर्वी माओवाद्यांच्या नावे टाकता येत होता, तसा यापुढे टाकता येणार नाही.

या प्रदेशातील शांतता टिकाऊ आहे की नाही, हे ठरवण्यासाठी शरण आलेल्यांची संख्या किंवा पोलादाचे उत्पादन ही मापे अपुरी आहेत. आंतरराज्य पाणीकरारांत बाधित गावांना पक्षकार म्हणून स्थान मिळते का, खनिज निधीच्या खर्चात खाणीलगतच्या ग्रामसभेचे मत चालते का, आणि एखाद्या ग्रामसभेने प्रकल्पाला ‘नाही’ म्हटल्यास त्या नकाराचे पुढे काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे अधिक बोलकी ठरतील. त्यांतील तिसरा प्रश्न निर्णायक आहे, कारण ज्या ग्रामसभेला होकार देण्याचाच अधिकार आहे तिला अधिकार आहे असे म्हणता येत नाही.